बांजाची लागवड : बी ओले, तोवरच

उत्तराखंडात साधारण १२०० ते २३०० मीटर उंचीवर आढळणारा ओक म्हणजे बांज. त्याच्या वरच्या पट्ट्यात मोरू, आणखी वर खरसू, हेही ओकच. बांजाखालचा पालापाचोळ्याचा थर पावसाचे पाणी मुरवतो. पाला गुरांना आणि लाकूड चुलीला लागते, म्हणूनच हे झाड सतत ओरबाडले जाते. इंग्रजी अमदानीत राळ आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी वनखात्याने चीड या पाइन वृक्षाला झुकते माप दिले. आगीत तगणारा चीड उजाड उतारांवर पसरला. बांज तिथे आपोआप परतणे अवघड झाले.

बांजाचे फळ पिकायला वर्षाहून अधिक काळ लागतो आणि ते हिवाळ्यात गळते. सगळ्याच वर्षी बहर सारखा नसतो. फणसाच्या आठळीप्रमाणे हे बीही वाळले की मरते, त्यामुळे ते धान्यासारखे साठवता येत नाही. उन्हात वाळवून, गोणीत भरून पावसाळ्यापर्यंत ठेवलेले बी पेरणे हा व्यर्थ खटाटोप आहे. गोळा करताच फळे पाण्यात टाकावीत. तरंगणारी बहुधा पोकळ किंवा सोंडकिड्याने पोखरलेली असतात. लगेच पेरणी शक्य नसेल, तर उरलेली थंड जागी दमट वाळूत थोडेच दिवस ठेवावीत. खरसूला एवढीही उसंत नाही : त्याचे फळ पावसाळ्यात पिकते आणि कधी झाडावरच त्याला मोड येतो.

रुजताना आधी सोटमूळ खोल जाते, कोंब मागाहून वर येतो. लहान पिशवीत हे मूळ तळाशी वेटोळे घालते आणि असे रोप कोरड्या उतारावर तग धरत नाही. म्हणून रोपवाटिकेत खोल पिशवी हवी, किंवा जागेवरच पेरणी करावी. फळ आडवे ठेवून तीन-चार सेंटिमीटर मातीने झाकावे, वर पाचोळा पसरावा. उघड्यावरचे बी उंदीर आणि वानरे सोडत नाहीत. किंगोड, घिंगारू ही काटेरी झुडपे साफ करण्याची पद्धत मात्र घातक आहे. कोवळ्या रोपाला सावली आणि गुरांपासून आडोसा त्यांच्याकडूनच मिळतो.

पौडी गढवालातील उफरैंखाल परिसरात शिक्षक सच्चिदानंद भारती आणि गावोगावच्या महिलांनी लागवडीबरोबर पाणी मुरवणारी छोटी तळी खोदली आणि जंगलाची राखणही केली. राखणीशिवाय रोपे टिकत नाहीत, म्हणून वणवा, चराई आणि पाल्याची तोड यांबाबत गावाशी बोलणी पक्की झाल्याखेरीज कोणीही बी गोळा करायला निघू नये.