युरिया पाहिजे? मग ही बाटली पण घ्या!

मंडळी, खतांची टंचाई आली की आपल्या नगर जिल्ह्यात गावोगाव एकच शब्द ऐकू येतो, लिंकिंग. शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही तो पाठ झालाय. युरियाची ४५ किलोची गोणी छापील २६६ रुपये ५० पैशांना. पण ती मिळायच्या आधी दुकानदार म्हणतो, "सोबत नॅनोची बाटली घ्यावी लागेल." कुठं बाटली, कुठं विद्राव्य खत, कुठं सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी. नको म्हटलं की युरिया संपला!

नॅनो वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला पटेल त्यानं जरूर घ्यावी. पण गळ्यात कशाला मारता?

अधिकाऱ्यांना विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "लेखी तक्रार आलेली नाही." अहो साहेब, तक्रार करणार कोण? गावात दुकानं दोन, त्यात निम्मा माल उधारीवर. आज तक्रार दिली तर उद्या कांद्याला खत कोण देणार? २०१८ पासून अनुदानाचं खत घ्यायला पॉस मशीनवर आधार आणि अंगठा लागतो. कुणी किती गोण्या नेल्या हे सरकारला घरबसल्या दिसतं. फक्त त्या गोणीबरोबर काय माथी मारलं, तेवढंच दिसत नाही!

आता दुकानदाराची बाजूही ऐका. तो सांगतो, "वरूनच तसा माल येतो. दुसरा माल उचलला नाही तर युरियाची गाडी नाही." मग परवाना एकट्या दुकानदाराचाच का निलंबित करता? युरियाचं अनुदान आपल्या करातून कंपनीला जातं. त्या अनुदानाच्या जोरावर ती आपला दुसरा माल खपवते. चांगलं सूक्ष्म अन्नद्रव्य रास्त दरात विकणाऱ्या छोट्या उत्पादकाकडं युरिया नसतो, म्हणून त्याचा माल दुकानात पडून राहतो. ही कसली स्पर्धा?

कायदा नाही असंही नाही. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्याच, ही अट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा ठरते. स्पर्धा कायदा २००२, कलम ३(४) मध्येही अशा जोडविक्रीचा उल्लेख आहे. शेतकरी ग्राहक कसा, असं विचारणाऱ्यांनी राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल वाचावा.

माझी मागणी साधी आहे. तक्रारीची वाट बघू नका. कंपनीनं घाऊक विक्रेत्याला दिलेली बिलं तपासा. युरियाच्या गाडीबरोबर दर वेळी तोच दुसरा माल निघाला, तर आणखी पुरावा कशाला हवा? गुन्हा वरपर्यंत न्या.

आणि शेतकरी बांधवांनो, दोन्ही वस्तूंचं पक्कं बिल मागाच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. एकट्यानं जायची भीती वाटत असेल तर गावातल्या दहा जणांनी मिळून सही करा. दहा जणांचा युरिया एकदम "संपला" म्हणायला दुकानदारही कचरेल.