एक्सेलमधला बाबांचा रकाना

परवा ऑफिसात एकाने विचारलं, "वीकेंडला काय केलंस?" म्हटलं, "फेब्रुवारीतल्या एका मंगळवारचं प्लॅनिंग." तो हसला. पण खरंच सांगतो, गेले तीन वीकांत मी दुसरं काहीही केलेलं नाही.

त्याचं असं आहे, की आई, बाबा, ताई, सात वर्षांचा भाचा आणि अस्मादिक असे पाचजण चार दिवसांसाठी सिंगापूरला जाणार आहोत. आई-बाबांचा पहिलाच परदेश प्रवास. (पनवेलच्या उशाशी नवाकोरा विमानतळ झालाय, तरी आमचं विमान मात्र सहारहूनच आहे. असो.) चार दिवसांतला एक अख्खा दिवस सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजसाठी ठेवलाय. सेंटोसा म्हणजे आपलाच 'संतोष', संस्कृतातून मलायमध्ये गेलेला. त्याआधी या बेटाचं नाव होतं पुलाऊ ब्लाकांग माती, आणि त्यातल्या 'माती'चा अर्थ मरण! सत्तरच्या दशकात तिथल्या सरकारने नाव बदललं आणि पुढे २०१० साली त्याच बेटावर हे उद्यान उघडलं. मार्केटिंग कशाला म्हणतात ते यावरून शिकावं.

तर मी इंजिनिअर माणूस, एक्सेल उघडलं. तारीख ठरवणं सोपं गेलं. जून महिना आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर तिथल्या शाळांना सुट्टी, म्हणजे ते दिवस बाद. नोव्हेंबर ते जानेवारी पावसाचा जोर, आणि विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राईड बंद ठेवतात. चिनी नववर्षाचे दिवसही नकोत. राहिला फेब्रुवारीचा शेवट, वार मंगळवार. आपली मंडळी दिवाळी आणि मे सोडून दुसरीकडे बघतच नाहीत, कारण सुट्ट्या तेव्हाच. आमचा भाचा दुसरीत आहे, त्याची चार दिवस शाळा बुडाली तर आकाश कोसळणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. (ताईचं नाही.)

मग राईडची यादी केली. मधोमध तळं, भोवती हॉलिवूड, न्यूयॉर्क, सायफाय सिटी, प्राचीन इजिप्त, लॉस्ट वर्ल्ड असे भाग. एका रकान्यात राईड, पुढे अंदाजे वेटिंग, मग चालायचा वेळ. सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळात चौदा गोष्टी बसवल्या. फक्त एक गृहीत होतं, पाचही जणांना एक्स्प्रेस पास. म्हणजे तिकिटावर आणखी पैसे भरायचे आणि वेगळ्या, छोट्या रांगेतून पुढे जायचं.

बाबांना शीट दाखवली. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी पनवेल डेपोत. गणपतीत कोकणात जाणाऱ्या जादा गाड्या, आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, सगळं केलेलं. रांग या विषयावर त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "हा एक्स्प्रेस म्हणजे गाडी वेगळी का?"

म्हटलं, "नाही, गाडी तीच. फक्त आपण आधी चढायचं."

"मग ती रिझर्व्हेशनवाली झाली. तू चढलास की खालचा राहिला."

मी हसण्यावारी नेलं, पण रात्री गणित मांडून बघितलं. इंजिनिअरिंगला लिटल्स लॉ नावाचा एक नियम शिकवतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. साध्या भाषेत सांगायचं तर रांगेतली माणसं भागिले तासाला सुटणारी माणसं म्हणजे तुमचा थांबायचा वेळ. समजा एक राईड तासाला १२०० माणसं नेते आणि तुमच्या पुढे ९०० उभी आहेत. पाऊण तास थांबा. आता त्यातल्या निम्म्या जागा एक्स्प्रेसवाल्यांना दिल्या तर साध्या रांगेला तासाला ६०० जागा उरल्या. त्याच ९०० माणसांमागे आता दीड तास! आमच्या दाराशी कळंबोलीला जो एक्स्प्रेसवे सुरू होतो, तिथे टोल भरला की निदान रस्ता वेगळा मिळतो. २००२ मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा जुन्या घाटरस्त्यावरचा भार हलका झाला. इथे वेगळा रस्ता कुणी बांधत नाही. माझा वाचलेला वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी पायांतून वसूल होतो.

यावर कुणी म्हणेल, तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष दर्शन घेतोच की आपण. खरंय. आणि मीही काही संत नाही, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची चार टाळकी जाणार असती तर मी डोळे मिटून एक्स्प्रेस घेतला असता. खोपोलीजवळचं इमॅजिका उघडलं २०१३ मध्ये. आम्ही कॉलेजात असताना पनवेलहून सकाळी बाईक काढून जायचो आणि 'आज निट्रो किती वेळा?' हाच हिशोब असायचा. पैसा वसूल करायची ती पद्धत त्या वयाला शोभते.

खरा बग पुढे सापडला.

बाबांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिलीय, पण झोके-धक्के नकोत असं बजावलंय. त्यामुळे मी शीटमध्ये प्रत्येकाचा एक रकाना टाकला आणि हृदयविकार असलेल्यांनी बसू नये अशी सूचना असलेल्या राईड लाल केल्या. बॅटलस्टार गॅलॅक्टिका लाल. अंधारात पळणारी ममी लाल. ट्रान्सफॉर्मर्स लाल. ज्युरासिक पार्कची जलसफरही लाल. पूर्वी मादागास्करची एक सावकाश होडी होती, ती बाबांना चालली असती. पण तो भाग २०२२ मध्ये बंद झाला आणि त्या जागी २०२५ मध्ये मिनियन लँड आलं. खाली स्क्रोल करत गेलो आणि बाबांचा रकाना जवळजवळ अख्खा लाल झाला. म्हणजे माझ्या 'परफेक्ट' चौदा कलमी प्लॅनमध्ये बाबा नऊ तास काय करणार होते? आमच्या बॅगा सांभाळत बाकावर बसणार होते. एक्स्प्रेस पास गळ्यात घालून.

हे फक्त आमच्याच घरी होतं असं नाही. कुठल्याही सहलीचे फोटो काढून बघा. पोरं-बाळं वर हात करून किंचाळतायत, आणि कडेला एक आजोबा सगळ्यांचे चष्मे, पाकिटं, टोप्या धरून उभे आहेत. त्यांना विचारलं तर म्हणतील, "मजा आली." माझे बाबाही हेच म्हणाले असते, आणि ते ऐकून मी निवांत झोपलो असतो. याचीच मला भीती वाटली.

म्हणून माझं म्हणणं असं की एका दिवसाचा प्लॅन करताना राईड मोजूच नयेत. ज्याचा रकाना सगळ्यात लाल, त्याच्यापासून सुरुवात करावी. मी शीट नव्याने मांडली. एक्स्प्रेस रद्द. उघडायच्या अर्धा तास आधी दारात हजर, कारण पहिल्या तासात रांगा लहान असतात. वॉटरवर्ल्डचा शो सगळ्यांनी मिळून बघायचा, तो बसून बघायचा असतो आणि त्यात पुढच्या रांगा भिजतात, म्हणून मागे बसायचं. दुपारी दोन तास गारव्यात जेवण आणि आराम. बाहेरचं खाणं आत चालत नाही हे आईला अजून सांगितलेलं नाही, तिची दशम्या आणि लसणीच्या चटणीची तयारी सुरू आहे. (रात्री सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं. तिथला डोसा खाऊ घालून मी माफी मागणार आहे.) काही राईडना एकट्यादुकट्यासाठी वेगळी रांग असते, रिकामी राहिलेली एखादी खुर्ची भरायला. मी आणि ताई आलटून पालटून तिथून जाऊ. त्यात कुणाचीच जागा जात नाही, त्यामुळे बाबांचीही हरकत नसावी.

चौदाच्या सहा गोष्टी झाल्या. ताई म्हणाली, "एवढे पैसे भरून फक्त सहा?" भाच्याने तोंड फुगवलं. त्याच्याशी वाटाघाटी चालू आहेत, बहुधा एका मिनियनवर मिटेल.

राहता राहिला बाबांचा रकाना. मी त्यांना सरळच विचारलं, "बाबा, तुम्हाला तिथे काय बघायचंय?" मला वाटलं, नेहमीसारखं 'तुम्ही ठरवाल ते' येईल. तर म्हणाले, "तिकडे बिनड्रायव्हरची गाडी आहे ना रे? ती बघायची."

शोधलं. आम्ही राहणार लिटल इंडियात. तिथून सेंटोसाच्या तोंडाशी असलेल्या हार्बरफ्रंटला जाणारी जांभळी लाईन २००३ पासून ड्रायव्हरशिवाय चालते. आता शीटमध्ये पहिली ओळ अशी आहे: सकाळी साडेआठ, लिटल इंडिया ते हार्बरफ्रंट, पाचवं स्टेशन, पहिला डबा, पुढच्या काचेशी. बाबांनी ती वाचली आणि विचारलं, "येतानाही हीच ना?"