ताशा कोणाच्या गळ्यात?



जुलै उजाडला की आपल्या सावेडीत संध्याकाळी ढोलाचा आवाज घुमायला लागतो. गणपतीसाठी पथकांचा सराव सुरू होतो, आणि इकडे शाळेत १५ ऑगस्टच्या बँडसाठी मुलं निवडायची वेळ येते. निवडीची तऱ्हा दोन्हीकडे बहुतेक एकच. प्रमुख मुलांकडे नुसतं बघतात आणि वाद्य ठरवून मोकळे होतात. उंच, धिप्पाड मुलगा दिसला की ढोल नाहीतर मोठा ड्रम. किरकोळ असला तर झांज. मुलगी असेल तर ध्वज किंवा ट्रँगल. ताशा किंवा साइड ड्रम घरात आधी कोणी वाजवणारं असेल त्याला. प्रत्यक्ष वाजवून घेतलंय कोणी?

प्रमुखांची अडचण मला कळते. ढोल जड असतो, तो कमरेला बांधून मिरवणुकीत तासन् तास चालायचं असतं. ढोल भरपूर लागतात, ताशे मोजकेच. प्रत्येकाला हवं ते वाद्य दिलं तर पथक उभंच राहणार नाही. पण ताकदीचा हा हिशेब ढोलाचा. ताशा त्या मानाने हलका, त्याला लागतं चपळ मनगट आणि पक्का कान. शिवाय ठेका कधी बदलायचा, लय कधी चढवायची, हे ताशावरून कळतं आणि ढोल मागून जातात. म्हणजे वाद्य वाटताना आपण पुढारपणही वाटत असतो. बाकावर दोन पेन्सिलींनी अख्खा ठेका बिनचूक वाजवणारी मुलगी प्रत्येक वर्गात असते (आपण तिला रागावतो!). तिच्या हातात झेंडा देऊन आपण मोकळे होतो.

हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. जर्मनीतल्या म्युनिक फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने १९८० मध्ये ट्रॉम्बोन या पितळी वाद्यासाठी पडद्याआडून चाचणी घेतली. ३३ उमेदवारांतून निवड झाली ॲबी कोनंट यांची. पडदा सरला आणि पुढे आली बाई! पुढे संचालकांनी त्यांना दुय्यम जागेवर ढकललं, कारण मुख्य ट्रॉम्बोन पुरुषानेच वाजवायचा हा त्यांचा ग्रह. आपली जागा परत मिळवायला कोनंट यांना वर्षानुवर्षं कोर्टात भांडावं लागलं. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने तर पहिली स्त्री सदस्य घेतली ती १९९७ मध्ये, आणि तीसुद्धा हार्पवादक.

पालकहो, एक गोष्ट तुमच्याशीही बोलायची आहे. नाव नोंदवताना "सर, हिला ध्वजातच घ्या, हात दुखतील" असं प्रमुखांच्या आधी आपणच सांगतो. निदान पहिले आठ दिवस तरी गप्प राहू या.

शाळेत तेवढ्या आठ दिवसांत प्रत्येक मुलाला प्रत्येक वाद्य हातात मिळावं. नवव्या दिवशी बँडच्या सरांनी पडद्यापलीकडे बसून फक्त ऐकावं आणि नंबर सांगावेत. पडद्याला खर्च नाही, स्नेहसंमेलनाचा जुना पडदा स्टोअर रूममध्ये पडलेलाच असतो.