जुन्या छपरावर फायबरग्लास : सौदा करण्यापूर्वी विचार करा

भंडारा जिल्ह्यातील जुन्या वास्तू म्हटल्या की पवनीचा किल्ला किंवा तुमसरजवळचा आंबागड आठवतो. देवगडच्या बख्त बुलंद शाहचा सुभेदार राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास आंबागड बांधला. किल्ल्यांची काळजी सरकारने घ्यायची. पण गावोगावच्या जुन्या मशिदी, दर्गे आणि वाडे यांची जबाबदारी आपल्यावर आहे. आज प्रश्न त्यांच्या छपरांचा आहे.

कवेलू करणारे कमी झाले. पावसाळ्यापूर्वी ते फेरायला माणूस मिळत नाही, आणि फेरून घेतले तरी माकडे ठेवत नाहीत. चुन्याचा घुमट गळू लागला तर चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो. अशा वेळी फायबरग्लासचे पत्रे किंवा साच्यातून काढलेला तयार घुमट कमिटीला सोयीचा वाटतो. माल हलका आणि बसवायला सोपा. आपल्यातलेच अनेक जण तो विकतात आणि बसवतात. तरीही आमचे मत स्पष्ट आहे : जुन्या वास्तूचे कायमचे छप्पर म्हणून हा माल विकू नये.

हा वाद आपल्यापुरता नाही. तुर्कस्तानातील जुन्या मशिदींचे घुमट आणि इंग्लंडमधील जुनी चर्चे शिशाच्या पत्र्याने मढवलेली आहेत. तीन मिलिमीटर जाडीच्या शिशाचे वजन चौरस मीटरला सुमारे ३४ किलो भरते. तेवढ्याच जाडीच्या फायबरग्लासचे पाच किलोही भरत नाही. शिवाय भंगारात चांगला भाव येत असल्याने इंग्लंडमध्ये चर्चच्या छपरावरील शिसे चोरीला जाऊ लागले. २०१३ च्या कायद्याने तेथे भंगार धातू रोखीने विकत घेण्यास मनाई केली. चोरीची भीती असलेल्या ठिकाणी फायबरग्लासचा विचार होतो. पण तेथील जाणकार शिशाला पर्याय म्हणून मुलामा दिलेल्या स्टेनलेस स्टीलकडे वळतात, म्हणजे पुन्हा धातूकडेच.

जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीचे उदाहरण तर प्रत्येक मुतवल्लीने लक्षात ठेवावे. तिच्या घुमटावरील शिसे काढून १९६० च्या दशकात अॅल्युमिनियम बसवले गेले. पुढे १९८३ मध्ये ते उतरवून पुन्हा शिसे चढवले. त्या जीर्णोद्धाराला १९८६ चा आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. एकाच कामाचा खर्च दोनदा झाला, हा यातला धडा आहे.

आपल्याकडे शिशाची छपरे नाहीत. शिशाची जागा कवेलू आणि चुना घेतात. कवेलूच्या फटींतून हवा खेळते, चुन्यातून ओल बाहेर पडते. फायबरग्लासमधून ती बाहेर पडत नाही. पत्र्याखाली दमट हवा कोंडली की सागवानी वासे आणि पाट्या आतून कुजतात, आणि ते वरून दिसत नाही. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात वरचा रंगीत थर पांढुरका पडतो, पुढे काचेचे तंतू उघडे होतात. पत्रा भिंतीपेक्षा अधिक फुगतो-आकसतो, त्यामुळे सांधे सुटतात. साधी रेझिन आगही लवकर धरते. आणि पितळेसाठी नाव कमावलेल्या भंडाऱ्याला सांगायला नको, की तांबे, पितळ, शिसे पुन्हा वितळते, जुन्याचेही मोल येते. घट्ट झालेली रेझिन पुन्हा वितळत नाही. ती फेकण्याचाच खर्च येतो.

याचा अर्थ हा धंदाच बंद करावा असा नाही. वजूखान्यावरील मांडव, नवी शेड, गोदाम, गॅरेज येथे फायबरग्लास जरूर वापरावा. जुन्या छपरावरही दुरुस्ती होईपर्यंत तात्पुरते आच्छादन म्हणून तो चालेल. मात्र भिंतीत न ठोकता, काढता येईल असा बसवावा आणि खालून हवा खेळती ठेवावी. काम करणाऱ्या पोरांना हातमोजे, चष्मा आणि तोंडाला मास्क द्यावा. काचेची धूळ आणि रसायन दोन्ही घातक आहेत. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरच्या आत दुरुस्तीलाही परवानगी लागते, हेही कंत्राट घेण्यापूर्वी पाहावे.

कमिट्यांनी दरवर्षी छपरासाठी थोडी रक्कम बाजूला काढली आणि आठ-दहा गावांनी मिळून एक गवंडी व एक कवेलू फेरणारा कायम कामाला लावला, तर दोन तरुणांना हुनर मिळेल आणि छपरेही टिकतील. स्टीलपुढे पितळेची भांडी मागे पडली तेव्हा कारागिरांच्या हातचे काम गेले. छपरांच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे की नाही, हे अजून आपल्या हातात आहे.

मालातला ऐब गिऱ्हाइकाला सांगून मग सौदा करावा, ही आपल्या दीनची शिकवण आहे. वक्फची मिळकत तर अमानत आहे. तिच्या कामात हा ऐब लपवला, तर नुकसान पुढच्या पिढीचे होईल आणि जाब आपल्याला द्यावा लागेल.