भूत उतरवणारे आणि विचारणारा

‘हॉरर, वर लव्हस्टोरी, वर सायन्स? म्हणजे खिचडीच की!’ ‘स्प्रिंग’ न पाहताच एका सहकाऱ्याने निकाल देऊन टाकला. जस्टिन बेन्सन आणि आरोन मूरहेड या दोघांचा हा २०१४चा कमी पैशातला, स्वतंत्रपणे काढलेला अमेरिकी सिनेमा. खिचडी आहे, कबूल. पण भुताच्या सिनेमांना आपण कधी न विचारलेला एक प्रश्न त्यात आहे, म्हणून भांडतेय.

आई कॅन्सरने गेल्यावर इव्हान कॅलिफोर्निया सोडून इटलीतल्या समुद्रकाठच्या गावात येतो, शेतावर काम धरतो आणि लुईसच्या प्रेमात पडतो. लुईस दोन हजार वर्षं जगतेय. दर वीस वर्षांनी ती गरोदर राहते आणि तिचं शरीर त्या गर्भाच्या पेशी वापरून स्वतःला नव्याने घडवतं. त्या दिवसांत तिच्या अंगातून भलतेसलते प्राणी डोकावतात. इंजेक्शन टोचून ती ते थोपवते. खरं प्रेम जडलं तर ऑक्सिटोसिनमुळे चक्र थांबेल, आणि मग तीही आपल्यासारखी मरेल. विज्ञान कच्चं आहे. आठवीतली मुलंही शंका काढतील.

पण तिला काय झालंय हे सांगतं कोण? ती स्वतः. इव्हान घाबरतो, चिडतो, आणि मग तिच्यासोबत फिरत एकेक प्रश्न विचारतो. ना पादरी बोलावतो, ना दोरी शोधतो.

आता आपल्याकडे बघा. ‘भूलभुलैया’त (२००७) डॉक्टर आजाराचं नाव सांगतो, तरी शेवटी विधीचा देखावा लागतोच. ‘परी’तही (२०१८) प्रेम आहे, पण रुखसाना सापडते ती साखळीने बांधलेली, आणि तिची कहाणी तिच्यापेक्षा तिच्या मागावर असलेला प्रोफेसरच जास्त सांगतो. वर इफ्रीत! आपले अरबी शब्द पार्श्वसंगीतासारखे भीतीसाठी वापरायचे. याचा राग येतो, आणि तो रास्त आहे.

मात्र ‘बदनामी, बदनामी’ म्हणणाऱ्यांनी आपल्या मोहल्ल्यातही डोकवावं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला फिट यायच्या. घरच्यांनी ‘आसेब’ म्हणून वर्षभर आमिलकडे नेलं. तावीज झाले, धुनी झाली, फुंकलेलं पाणी झालं. जिन्नात कुरआनात आहेत, मीही मानते. पण प्रत्येक फिटमध्ये जिन्न असतो, हे कुठे लिहिलंय? इलाज करा, ही तर हदीसची शिकवण. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, तोही आमिलसाहेबांना कुणी वाचून दाखवला नसावा.

फिट येण्याआधी काय होतं, असं त्या मुलीला मी विचारलं. तिने नीट सांगितलं: आधी जळका वास येतो, मग डावा हात मुंग्या आल्यासारखा होतो. हेच तिच्या अब्बांना लिहून दिलं आणि म्हटलं, हा कागद डॉक्टरला दाखवा. दाखवला, पण चार महिन्यांनी.

‘स्प्रिंग’चंही सगळं पटत नाही. लुईसच्या हातून माणूस मरतो आणि प्रेमाच्या नादात सिनेमा ते सहज विसरतो. बघायचा तर मुलं झोपल्यावर बघा. उघडंवाघडं बरंच आहे. नंतर मला दोष देऊ नका.