बातमी आधी कुणाच्या दारात?



2025 चा पोळा आठवा. खांदेमळणीची तयारी चालू होती, कपाशी पात्या-फुलांवर होती. त्याच आठवड्यात, 19 ऑगस्टपासून, केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. मुदत आधी 30 सप्टेंबरची होती. गणपती बसले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 28 ऑगस्टला, ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. आपली पहिली वेचणी घरात यायच्या आधीच ठरून गेले की आपल्या हंगामाच्या तोंडावर बाहेरची रुई बिनशुल्क येणार.

गिरणीवाल्याला आणि व्यापाऱ्याला हे त्याच दिवशी कळले. आपल्याला कधी कळले? तालुक्यांच्या बैठकांत आम्ही हा प्रश्न विचारला. बहुतेकांचे उत्तर एकच होते. ‘दसऱ्यानंतर गाडी जिनिंगवर नेली, तेव्हा व्यापाऱ्यानेच सांगितले.’

ज्याला माल विकायचा त्याच्याच तोंडून बाजाराची बातमी ऐकायची, अशी आपली स्थिती आहे. घेणारा जी बातमी देईल ती भाव पाडणारीच असणार. भाव चढवणारी बातमी तो कशाला सांगेल?

हे दुखणे आजचे नाही. 1877 साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढले ते याच जाणिवेतून. कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की नेवासे तालुका लागतो. तिथल्या तरवडी गावातून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक चालवले. 1910 साली सुरू केलेले ते पत्र त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ टिकवले. खिळे जुळवायचे, कागद आणायचा, टपालात टाकायचे, हे सगळे खेड्यात बसून. आज आपल्या घराघरांत मोबाइल आहे. मुकुंदरावांना जे छापायला आठवडा लागे ते आपण घटकाभरात चार गावांना पोहोचवू शकतो. मग अडले कुठे?

अडले इथे, की मोबाइल हातात आला, पण बातमी जमवायची शिस्त आली नाही. आपण जे मिळते ते वाचतो आणि जे आवडते ते पुढे ढकलतो.

2021-22 च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात मोबाइलवर एकच मजकूर फिरत होता, ‘विकू नका, भाव आणखी वाढणार.’ कोणी लिहिला, कशाच्या आधारावर लिहिला, कोणाला ठाऊक नाही. घराघरांत कापूस साठला. अंगाला खाज सुटली, उंदरांनी घरे केली, वजन घटले, आणि शेवटी उन्हाळ्यात बहुतेकांनी तो आठ हजारांच्या आत विकला. चूक थांबण्यात नव्हती. ज्याचा बाप कोण ते माहीत नाही अशा बातमीवर थांबण्यात चूक होती.

आमचेही पाय मातीचेच. एक रुपयात पीकविमा ही सवलत 2025 च्या खरिपापासून बंद झाली. तरी जुना मजकूर आमच्याच गटावर दोन वेळा फिरला, आणि तारीख न पाहता पुढे ढकलणाऱ्यांत चळवळीचे कार्यकर्ते होते. हे लपवण्यात अर्थ नाही.

तेव्हा काय करायचे ते साधेपणाने सांगतो.

पहिले, विषय ठरवा. जगाची सगळी बातमी आपल्याला नको. कापूस आणि ज्वारीचा बाजारभाव, आयात-निर्यातीचे निर्णय, सरकारी खरेदी, हवामान आणि कीड, एवढे पाच विषय पुरे. गूगलवर ‘अलर्ट’ नावाची सोय आहे, तिला पैसे पडत नाहीत. त्यात ‘कापूस आयात शुल्क’, ‘ज्वारी हमीभाव’ असे शब्द एकदा घालून ठेवले की त्या शब्दांची नवी बातमी आपल्या ईमेलवर आपोआप येत राहते. वर्तमानपत्र चाळून कात्रणे कापायचे आपले जुने काम आता यंत्र करते. निवड मात्र माणसानेच करायची.

दुसरे, मूळ ठिकाण धरा. बाजार समित्यांची रोजची आवक आणि दर पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत असतात. केंद्राचे ॲगमार्कनेट 2000 सालापासून आहे. तिथे कमाल दर पाहून हुरळू नका, तो दोन-चार गाड्यांचाही असू शकतो. सर्वसाधारण दर पाहा. केंद्राचे निर्णय पत्र सूचना कार्यालयाच्या पानावर तारखेसह मिळतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. फवारणीच्या दिवसांत दुकानदाराच्या सल्ल्याआधी तो वाचा.

तिसरे, बातमीचा हिशेब करायला शिका. वर्तमानपत्रात रुईचा भाव खंडीत येतो. खंडी म्हणजे 356 किलो. समजा भाव 55 हजार रुपये खंडी आहे. म्हणजे रुई किलोला सुमारे 154 रुपये. एक क्विंटल कापसातून सुमारे 34 किलो रुई निघते, तिचे झाले सव्वापाच हजारांच्या आसपास. सुमारे 64 किलो सरकी निघते. सरकी 35 रुपये किलो धरली तर तिचे 2240. बेरीज साडेसात हजारांच्या जवळ. त्यातून जिनिंगचा आणि वाहतुकीचा खर्च वजा करा. हा हिशेब येणाऱ्या माणसासमोर ‘बाजारच पडलाय’ असे म्हणताना व्यापारी दोनदा विचार करतो.

चौथे, शिक्का नसलेली बातमी पुढे जाऊ देऊ नका. तारीख कोणती, कोणी सांगितले, मूळ कागद कुठे, ही तीन उत्तरे नसतील तर ती बातमी आपल्याच मोबाइलवर अडवायची. मग पाठवणारा मामा असो की पुढारी.

पाचवे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, आपली बातमी आपणच तयार करा. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये, मध्यम धाग्याचा 7710, संकरित ज्वारीचा 3699 आणि मालदांडीचा 3749 रुपये जाहीर झाला. हे सगळ्यांनी छापले. पण लासूरला, सिल्लोडला, पैठणला त्याखाली किती माल गेला, ओलावा दाखवून किती कापले, हे कोण छापणार? त्याचा पुरावा तुमच्या खिशातल्या पट्टीवर आहे. गावातल्या पट्ट्यांचे फोटो एका जागी जमवा. तारीख, बाजार, वजन, दर, कपात, अशी पाच रकान्यांची सामाईक वही मोबाइलवर उघडता येते, ती नऊही तालुके एकाच वेळी भरू शकतात. शेतकऱ्याचे नाव त्यात घालायची गरज नाही. ज्वारीच्या बाबतीत तर हे जास्तच गरजेचे आहे. तिची बातमी कोणी देत नाही, आणि कडब्याच्या भावाची तर नाहीच नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. परवाच्या बैठकीत एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘भाव कळून काय करू? सोसायटीचे देणे आणि पोरीचे लग्न थांबत नाही. मिळेल त्या भावाने घालावाच लागतो.’ खरे आहे. बातमी म्हणजे पैसा नव्हे. अडलेल्या माणसाला ती गोदामही देत नाही आणि उचलही देत नाही.

पण एकेकट्याला जे जमत नाही ते जमलेल्या बातमीला जमते. कात्रणे ओळीने लावून पाहा. फेब्रुवारी 2021 मध्ये 11 टक्के शुल्क लागले. 14 एप्रिल 2022 ला, भाव चढले असताना, ते उठवले. ऑगस्ट 2025 मध्ये, नवा माल यायच्या तोंडावर, पुन्हा उठवले. सुटी पाहिली तर या तीन बातम्या आहेत. एका ओळीत पाहिली तर ती एक रीत आहे. 2022 चे कात्रण आपण जपले असते, तर 2025 च्या उन्हाळ्यातच, निर्णय व्हायच्या आधी, आपण खासदाराच्या दारात बसलो असतो. निर्णयानंतर काढलेल्या मोर्चाला आश्वासन मिळते. निर्णयाआधी गेलेल्या शिष्टमंडळाचे निदान म्हणणे तरी ऐकावे लागते.

सरकारी खरेदीतही हेच. 2025-26 च्या हंगामात सीसीआयला कापूस घालण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. ज्यांना वेळेत कळले त्यांनी नोंदणी केली. ज्यांना उशिरा कळले त्यांची धावपळ झाली. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की कपात, बाराच्या वर गेला की माल परत, हेही अनेकांना केंद्राच्या दारात कळते. घरी कळले असते तर कापूस दोन दिवस उन्हात पडला असता.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने दोन नावे घेऊन यावे. एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी, जी रोज अर्धा तास बातम्या पाहून निवडील. आणि एक जाणता शेतकरी, जो ‘हे खरे वाटत नाही’ असे म्हणू शकेल. दोघांची सही असल्याशिवाय गटावर काही जाणार नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांच्यासाठी पारावर नाहीतर दूध डेअरीच्या भिंतीवर एक फळा लावा. त्यावर आठवड्यातून दोनदा चार ओळी लिहा आणि वर तारीख घाला.

आणि या हंगामाच्या पट्ट्या चुलीत घालू नका. बैठकीला येताना घेऊन या.