ॲलिस : एका नांवाचें माहेर

गेल्या महिन्यांत अंधेरीस आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. चार पिढ्या एकत्र नांदणारें तें घर आहे. दुपारीं धाकट्या नातीबरोबर तिची शाळेंतील मैत्रीण आली. आजीबाईंनीं तिला जवळ बोलावून नांव विचारलें. "ॲलिस," ती म्हणाली. आजीबाई हंसून उद्‌गारल्या, "अग, पोर तर मोठी चुणचुणीत दिसते, आणि नांव आळस?" मंडळींत हंशा पिकला. ती मुलगीही हंसली, परंतु किंचित कावरीबावरी झाली. नातीला मात्र तें रुचलें नाहीं. "आजी, तिच्या नांवाचा अर्थ तुला ठाऊक आहे का?" असा प्रश्न तिनें टाकला. तो आजीबाईंस ठाऊक नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही नव्हता. पुढच्या भेटींत सांगूं, असें कबूल करून आम्ही उठलों. त्या शोधाचें फळ आज वाचकांस सादर करीत आहों.

प्रथम त्या मुलीच्या घराण्याविषयीं दोन शब्द. आंबोली, मरोळ या बाजूची ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहानें वसई व साष्टी पोर्तुगीजांस तोडून दिली. आंबोलीचें सेंट ब्लेज चर्च १५८८ सालचें. १७३७ मध्यें साष्टी आणि १७३९ मध्यें वसई चिमाजीअप्पांनीं जिंकली; परंतु ही मंडळी आपल्या गांवठाणांत व आपल्या धर्मांत राहिलीं. १८८७ सालीं त्यांनीं 'ईस्ट इंडियन' असें नांव धारण केलें, तरी त्यांची घरगुती बोली मराठीच होती. त्यांच्यांतील फर्नांडिस, रॉड्रिग्ज हीं आडनांवें आपण पोर्तुगीज समजतों. पण त्यांचें मूळ त्याही मागें आहे. पांचव्या ते आठव्या शतकांत स्पेन-पोर्तुगालवर राज्य करणाऱ्या जर्मन वंशाच्या गॉथ लोकांच्या भाषेंतून तीं आलेलीं आहेत. ॲलिस हें नांवही जर्मन कुळांतलेंच; तें मात्र निराळ्या वाटेनें, फ्रान्स व इंग्लंडवरून इकडे आलें.

जुन्या जर्मन भाषेंत 'अडल' म्हणजे कुलीन आणि 'हाइड' म्हणजे प्रकार किंवा स्वभाव. या दोहोंच्या जोडीनें 'अडलहाइड' हें नांव झालें. फ्रेंचांच्या जिभेवर तें झिजत झिजत 'आलिस' झालें आणि इंग्रजींत 'ॲलिस' म्हणून रुळलें. अर्थ एकच : उत्तम कुळांत जन्मलेली. आपल्याकडे याला नेमका प्रतिशब्द आहे, आणि तोही नांवच आहे : सुजाता. भगवान बुद्धांस खीर अर्पण करणाऱ्या त्या साध्वीचें नांव आणि अंधेरीच्या या मुलीचें नांव अर्थानें सख्ख्या बहिणी आहेत.

या नांवाच्या मानकरणीही लहानसहान नाहींत. दहाव्या शतकांतील राणी अडलहाइड एकोणिसाव्या वर्षीं विधवा झाली. राज्य बळकावणाऱ्यानें तिला कैदेंत टाकलें. ती तेथून निसटली, पुढें सम्राट पहिल्या ऑटोची सम्राज्ञी झाली आणि उतारवयांत नातवाच्या नांवानें तिनें राज्यकारभार पाहिला. ९९९ सालीं ती निवर्तली; चर्चनें तिला संतपद दिलें. व्हिक्टोरिया राणीची कन्या ॲलिस हिनें घटसर्पानें आजारी पडलेल्या मुलांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगानें १८७८ मध्यें तिचा अंत झाला.

आपल्या मुलखांतही एक ॲलिस होऊन गेली. प्रसिद्ध कायदेपंडिता कॉर्नेलिया सोराबजी यांची धाकटी बहीण ॲलिस १८७४ सालीं बेळगांवीं जन्मली आणि पुण्यांत शिकली. १९०५ मध्यें तिनें लंडनची वैद्यकीय पदवी मिळविली. सरहद्दीवरील बन्नूच्या डॉक्टर पेनेल यांच्याशीं तिचा विवाह झाला. पुढें तिनें कादंबऱ्याही लिहिल्या. आडनांव बदललें, ॲलिस हें नांव मात्र शेवटपर्यंत तिच्यापाशीं राहिलें.

सर्वांचें भाग्य असें नसतें. अमेरिकेंतील ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञेनें आपल्याकडे कुष्ठरोगावर पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या चालमोगऱ्याच्या तेलापासून टोंचून देण्याजोगें औषध तयार करण्याची रीति शोधून काढली. १९१६ सालीं, अवघ्या चोविसाव्या वर्षीं, ती वारली. तिच्या कॉलेजच्या अध्यक्षांनीं तें काम पुढें चालविलें आणि तिचा उल्लेखही न करतां तें प्रसिद्ध केलें. १९२२ मध्यें एका सहकारी डॉक्टरानें त्या रीतीला 'बॉल रीति' म्हटलें, तरी तिचें श्रेय जगास कळावयास पुढें अनेक दशकें लागलीं. वर उल्लेखिलेल्या राजकन्या ॲलिसच्या मुलीचें नांव ॲलिक्स. जर्मन लोकांस 'ॲलिस'चा उच्चार नीट साधत नाहीं, म्हणून आईनें आपलेंच नांव असें वळवून तिला दिलें होतें. १८९४ सालीं रशियाच्या झारशीं विवाह करतांना तिचा पंथ बदलला आणि आईनें दिलेलें नांव जाऊन ती अलेक्झांड्रा झाली.

हें वाचून परक्यांस नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या घरांत पाहूं या. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें माहेरचें नांव यमुना. रमाबाई रानडे यांचेंही यमुनाच. धोंडो केशव कर्वे यांच्या घरीं आलेल्या आनंदीबाई मूळच्या गोदूबाई. ताटांत तांदूळ पसरावे, सोन्याच्या अंगठीनें त्यांवर नवें नांव रेखावें, कीं जन्मापासूनचें नांव संपलें! नवऱ्यानें हौसेनें दिलेलें नांव कित्येकींनीं प्रेमानें मिरविलें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या नांवानें आईनें हांक मारली, तें टाकावयाचें कीं ठेवावयाचें, हें त्या मुलीस विचारलें किती घरांनीं? आज ही रूढि पुष्कळ ओसरली आहे. कायद्याची तर सक्ती मुळींच नाहीं. तरीही कांहीं घरांत 'आमच्याकडे असेंच चालतें' एवढ्या एका वाक्यावर तें ताट अजून पुढें येतें. येवो बापडें, पण अंगठी हातीं घेण्यापूर्वीं सुनेला एकदां विचारा, आणि ती 'नको' म्हणाली तर मंगल कार्यांत उणें पडलें असें मानूं नका. तिचेंच नांव तांदळांत रेखलें म्हणून लक्ष्मी रुसत नाहीं.

कबूल केल्याप्रमाणें आम्ही पुन्हां अंधेरीस गेलों. दोघी मैत्रिणी अभ्यासास बसल्या होत्या. आम्हीं अर्थ सांगितला. आजीबाईंनीं त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "म्हणजे सुजाताच कीं ग तूं! मी उगीच थट्टा केली." मग नातीनें सहज विचारलें, "आजी, तुझें माहेरचें नांव काय ग?"

आजीबाई क्षणभर थांबल्या. त्यांनीं हळूच तें नांव उच्चारलें. साठ वर्षांच्या संसारांत तें त्या घरांत कोणी ऐकलें नव्हतें. त्यांच्या थोरल्या मुलानेंही नाहीं. तें आम्ही येथें छापीत नाहीं, कारण तें त्यांचें आहे. आमच्या वाचकांनीं मात्र आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर आपल्या घरांतील वडील बायकांस हाच प्रश्न विचारावा.